आमच्या आडनावाचा दगड

हॉब्सगिल,
मंगळवार, दुपारची भांडी आटोपल्यावर

तीर्थरूप डॉर्कस वन्संना केझायाचा वाकून नमस्कार. (गुडघे जेवढं वाकू देतात तेवढाच वाकून, उरलेला मनातल्या मनात धरावा.)

इकडे सगळं ठीक आहे. तुमच्याकडेही ठीक असेल असं धरून चालते, कारण नसतं तर तुम्ही ते एव्हाना साऱ्या केल्डवर्थला सांगितलं असतंत आणि डोंगर ओलांडून ते इथवर आलंच असतं. खोकला कसा आहे? गेल्या हिवाळ्यात तुम्ही तीनदा सगळ्यांचा निरोप घेतलात. तिन्ही वेळा आम्ही काळे कपडे पेटीतून काढून वाऱ्याला टाकले, आणि तिन्ही वेळा तुम्ही उठून बसलात आणि चहा मागितलात. कपड्यांना हवा लागली, त्यांची कसर गेली, तेव्हा माझी काही तक्रार नाही. माझं म्हणाल तर गुडघे, दात आणि सून सोडून सगळं जागच्या जागी आहे. (सुनेचं हे लिहू नकोस गं. लिहिलंस? बरं, असू दे. ती कुठे केल्डवर्थला जाते.)

तुमच्या लक्षात आलंच असेल की या वेळी अक्षर मोत्यासारखं आहे. एरवी माझी पत्रं शाळामास्तर लिहितात. पण त्यांना माझं बोलणं सुधारायची खोड. मागे मी सांगितलं, ‘गाय मेली’, तर त्यांनी लिहिलं, ‘परमेश्वराने आमच्या गोठ्याकडे दृष्टी वळवली’, आणि तुम्ही उलट टपाली अभिनंदन कळवलंत. शिवाय आजची गोष्ट मास्तरांच्या कानावर घालणं म्हणजे चर्चच्या घंटेला दोर बांधून सांगणं. म्हणून आज एक पोरगी धरून बसवली आहे. लोणी न्यायला आली होती. तिला म्हटलं, बाई, तू शाळा शिकलेली, म्हातारीचं एवढं पत्र लिही. मात्र जे बोलेन ते सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही, आणि मधे प्रश्न विचारायचे नाहीत. ‘हो आजी’ म्हणाली. पोर गुणाची आहे. हिच्यापुढे मी काय काय बोलणार आहे याची मलाच धास्ती आहे, पण आता दौत उघडली आहे.

तर वन्सं, माझा जीव टांगणीला लागला आहे. गेले बारा दिवस माझ्या हातचं लोणी निघत नाही. घुसळते घुसळते आणि नुसता फेस, विकायला सुनेच्या हातचं घ्यावं लागतं. कारण एकच, आपलं आडनाव.

माझ्या थोरल्याचा जेबेझ तुम्हाला ठाऊकच आहे, चुन्याचा ठिपका न लावता दगडावर दगड रचून शेतांचे बांध घालतो तो. त्याचं लग्न इथल्या कापडवाल्या ओल्डरॉइडच्या सेलिनाशी ठरलं. चर्चमध्ये दोन रविवार दोघांच्या नावांचा पुकारा झाला, तिसरा येत्या रविवारी आहे. पुकारा झाला की पाद्रीसाहेब विचारतात, कुणाची हरकत आहे का, आणि सगळं गाव माना वळवून बघतं, की कुणी हरकत घेतली तर तेवढीच करमणूक. पहिल्या रविवारी कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या रविवारी ओल्डरॉइड खोकला. नुसता खोकलाच, पण मुलीचा बाप खोकला की तो खोकला राहत नाही.

बाहेर पडताना दारातच त्याने मला गाठलं. “आजीबाई,” म्हणाला, “पोरगा चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. पण थ्रीपस्टोन हे काय आडनाव झालं? चार खोऱ्यांत विचारून आलो, तुमच्या घराबाहेर या नावाचा माणूस नाही. कुठल्या पाटीवर नाही, कुठल्या जुन्या थडग्यावर नाही. माझी पोर कुठलं नाव लावणार ते तिसऱ्या पुकाऱ्याआधी मला कळू दे.” मी म्हटलं, “माणसं थोडी असली की बसायला जागा पुरते.” तो हसला नाही. तो माणूस हसतो फक्त कापड मोजताना. एरवी त्याचं सगळं टर्कीसारखं, मान वर, गळा लाल आणि पायाखाली काय आहे याचा पत्ता नाही. (शाई का सांडलीस? पूस. आणि टर्की लिहिलंस ना?)

थोरल्या पाद्रीसाहेबांना वाटलं तंटा नको, म्हणून त्यांनी तिसरा पुकारा दोन आठवडे पुढे ढकलला आणि हे काम आपल्या हाताखालच्या नव्या पाद्र्यांकडे दिलं. मिस्टर वेन त्यांचं नाव. दक्षिणेकडचे, मोठ्या विद्यापीठात शिकलेले, आणि इतके बारीक की वाऱ्याच्या दिवशी मी त्यांना आत ओढून घेते. त्यांना आडनावांचा नाद आहे. लोक फुलपाखरं जमवतात तशी ते आडनावं जमवतात, आणि आपलं ऐकल्यावर त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं आता टाचणी काढतात. “मिसेस थ्रीपस्टोन,” म्हणाले, “अशी दुर्मिळ नावं एखाद्या फार थोर आणि लयाला गेलेल्या घराण्याचीच असतात.” तेव्हापासून ते दिवसाआड सायकलीवरून येतात, तुमच्या भावाच्या खुर्चीत बसतात, आल्याचा केक खातात आणि वहीत लिहितात. मला मात्र काही विचारत नाहीत. जे काही विचारायचं ते पुस्तकांना. मला फक्त सांगतात.

आणि वन्सं, सायकल टेकवतात कशाला, माहीत आहे? मागच्या फाटकाच्या खांबाला. त्याच खांबाला, ज्याला गाय पाठ घासते. बारा दिवस तो सज्जन माणूस थ्रीपस्टोनला सायकल टेकवून आत येतो आणि थ्रीपस्टोन आले कुठून ते मलाच सांगतो. मी चहा ओतते. दुसरं काय करू?

पुढे ऐका. आमच्या चर्चमध्ये खांबाआड जुन्या थडग्यावर तो दगडी सरदार पायावर पाय टाकून निजलेला आहे ना, मिस्टर वेननी जेबेझला त्याच्या शेजारी उभं केलं आणि दोघांची नाकं ताडून पाहिली. सरदाराचं नाक निम्मं तुटलेलं आहे. उरलेलं निम्मं जुळलं. झालं! जेबेझ त्या सरदाराच्या वंशातला ठरला. हा वीर म्हणे राजासाठी रणात शिळेसारखा उभा राहिला, म्हणून थ्रीपस्टोन म्हणजे ‘अढळ शिळा’. बाकीचे वंशज लढायांत मेले, म्हणून नाव दुर्मिळ. आता ते नाक माझ्या माहेरचं आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच दारात म्हणाला होतात, “नाक आधी आलं, नवरी मागून येईल.” पंचावन्न वर्षं झाली, मी विसरलेले नाही.

सरदाराची बातमी ओल्डरॉइडला कळली आणि माणूस पालटला. हॅम पाठवला. मला बघून टोपी काढतो, आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही. दुकानावर नवी पाटी रंगवायला टाकली आहे, ‘ओल्डरॉइड’ आणि बाजूला ढाल, ढालीत शिळा. इकडे जेबेझचे सोबती त्याला ‘सरकार’ म्हणतात. “सरकार, तेवढा धोंडा इकडे देता का? की नोकराला पाठवू?” पोरगा दिवसभर लालबुंद. आणि कळस म्हणजे येत्या शनिवारी संध्याकाळी शाळेच्या खोलीत मिस्टर वेन सगळ्या गावापुढे यावर भाषण करणार आहेत. दारावर कागद चिकटवला आहे, बाक मागवले आहेत. शनिवारी भाषण, रविवारी पुकारा. मधे एक रात्र, आणि त्या रात्रीत कुणा म्हाताऱ्याला काही आठवलं तर?

तुम्हाला सगळं माझ्याहून जास्त ठाऊक आहे, तरी एकदा सांगते, म्हणजे आपल्या दोघींच्या सांगण्यात फरक पडायला नको. (नीट लिही गं. इथून पुढे सावकाश सांगते.)

मामंजी कुठल्या सरदाराचे नव्हते. मामंजी टोपलीत सापडले.

वर दलदलीच्या कडेला दोन गावांच्या हद्दीवर तो दगड उभा होता. दरवर्षी मे महिन्यात हॉब्सगिलचे लोक इकडून आणि केल्डवर्थचे तिकडून आपापल्या हद्दीवर फिरायचे, प्रत्येक दगडाला काठ्यांनी बडवायचे, पोरांना उचलून त्यावर आपटायचे, म्हणजे पोरांना हद्द जन्मभर लक्षात राहावी. या एका दगडापाशी दोन्ही टोळ्या समोरासमोर यायच्या, आणि दगड आमचा की तुमचा, त्यामागचं जळणाच्या मातीचं पठार आमचं की तुमचं, यावर भांडण. शंभर वर्षं दर मे महिन्यात. आपल्या जुन्या बोलीत थ्रीप म्हणजे तंटा, म्हणून तंट्याचा तो दगड थ्रीपस्टोन. हल्ली शाळेत असे शब्द बोललं की छडी बसते, म्हणून पोरांना ठाऊक नाही. म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, पण आम्हाला विचारतो कोण.

तर त्या वर्षी दोन्ही गावं भांडायच्या तयारीने आली आणि बघतात तर दगडावर टोपली, टोपलीत मूल. जिवंत, आणि घसा फाडून रडणारं. आई कोण, कधी कळलं नाही. आता ज्या गावच्या जमिनीवर मूल सापडेल त्या गावाने ते पोसायचं हा तेव्हाचा नियम. वन्सं, शंभर वर्षं ‘दगड आमचा’ म्हणून डोकी फोडणारी माणसं त्या सकाळी एका दमात उलटली. “दगड तुमचाच! आमच्या बापजाद्यांनी चूक केली!” “छे छे, तुमचाच, आम्ही उगीच भांडलो, माफ करा!” एकमेकांना इतकं अदबीने बोलताना त्यांना आधी कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी गरिबांची व्यवस्था बघणारा केल्डवर्थचा पंच पुढे झाला, टोपलीवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत शपथेवर बोलला की हा दगड, यावर जे आहे ते आणि यामागे जे आहे ते सगळं आजपासून हॉब्सगिलचं, आमचा काही दावा नाही. पाद्र्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं.

मूल हॉब्सगिलला मिळालं. टोपलीत सापडलं म्हणून बायबलातल्या टोपलीतल्या बाळाचं नाव ठेवलं, मोझेस, आणि दगडावर सापडलं म्हणून आडनाव दगडाचं. आणि मुलाबरोबर पठारही हॉब्सगिलला मिळालं! केल्डवर्थवाल्यांना हे पहिल्या थंडीत उमगलं, चुलीत घालायला काही उरलं नाही तेव्हा. त्या पंचाशी गावात कुणी बोलेना, त्याच्याकडून कुणी काही घेईना. दोन वर्षांत तो बिऱ्हाड गाडीत घालून डोंगर ओलांडून इकडेच आला आणि इथे त्याने कापडाचं दुकान काढलं.

होय वन्सं. त्या पंचाचं आडनाव ओल्डरॉइड. आत्ताच्या टर्कीचा सख्खा आजोबा. (घाबरू नकोस, डाग पडू दे. दुसरा कागद घे. पाणी हवं का?)

आता मला सांगा, मी काय करू? गप्प बसले तर शनिवारी मामंजींना सरदार करतील. ते ज्याच्यावर सापडले तो दगड त्यांनी कर्ते झाल्यावर स्वतः घसरगाडीवर घालून घरी आणला आणि फाटकाला लावला. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “ही एकच वस्तू आहे जिने मला नाकारलं नाही.” जन्मभर त्यांनी हे कुणापासून लपवलं नाही, आणि आता मी लपवू? आणि बोलले तर ढालवाल्या पाटीसकट ओल्डरॉइडचं हसं होतं, तो रविवारी नुसता खोकत नाही, सरळ उभा राहतो, आणि माझा जेबेझ जन्मभर बांध घालत बसतो, दोन्ही बाजूंनी एकटा. रात्री डोळा लागत नाही. काल अंड्यांच्या टोपलीत बसायला निघाले होते, खुर्ची समजून.

तेव्हा हात जोडून सांगते. परवा गुरुवारी मिस्टर वेन घोडागाडीने तुमच्याकडे येणार आहेत, मोझेस थ्रीपस्टोनची हयात असलेली एकुलती एक मुलगी म्हणून तुम्हाला भेटायला. त्या दिवशी तुम्ही बहिऱ्या व्हा. ठार बहिऱ्या. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक आहे, आणि प्रत्येक मयताच्या चहाला तुम्ही टोपलीची गोष्ट सांगता हेही. तेवढा एक गुरुवार दम धरा. आणि मामंजींची ती टोपली, जिच्यात तुम्ही बटाटे ठेवता आणि आल्यागेल्याला दाखवता, ती माळ्यावर टाका.

आता पुरे करते. तब्येतीला जपा, ओटची भाकरी दुधात भिजवून खा, दातांशी भांडू नका.

तुमची भावजय,
केझाया थ्रीपस्टोन
(खाली फुली माझी आहे. ती वाकडी नाही, टेबल वाकडं आहे.)

ता.क. पत्र कोण लिहितं आहे ते सांगायचं राहिलं. सेलिना ओल्डरॉइड लिहिते आहे. मला अक्षरओळख नाही वन्सं, पण समोर कोण बसलं आहे ते दिसतं. जेबेझ महिनाभर म्हणतो आहे, मी तिला सांगतो, मी तिला सांगतो. पण त्याला दगडांशी बोलता येतं, पोरीशी नाही. समोरासमोर सांगायची माझीही छाती होईना. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावं आणि तिला लिहायला लावावं. पंचाचं नाव आलं तेव्हा तिची लेखणी थांबली ती बराच वेळ थांबली. मला वाटलं आता उठते आणि लोणी न घेता जाते.

पुन्हा ता.क. गेली नाही. तिने दुसरा कागद घेतला, विचारलं, “पुढे, आजी?” आणि आल्याच्या केकचा दुसरा तुकडा न विचारता उचलला.

आणखी ता.क. तेव्हा बहिऱ्या होण्याचं वर लिहिलं आहे ते सोडून द्या. तुम्हाला ते जमलंच नसतं. गुरुवारी त्या गरीब पाद्र्याला सगळं सांगा, मात्र आधी खुर्चीवर बसवून सांगा. आणि शनिवारी त्यांना तीच गाडी पाठवायला सांगून इकडे या. भाषणाच्या आधी गावापुढे मामंजींची गोष्ट मीच उठून सांगायची म्हणते. शेजारी त्यांची लेक बसलेली असली तर उभी राहीन. मागायचं होतं ते खरं एवढंच. टोपलीही आणा, लोकांना दाखवायला.

ता.क. हे आजींनी सांगितलेलं नाही, त्यांना वाचून दाखवणारही नाही. डॉर्कसआजी, आमच्या घरात केल्डवर्थचं नाव काढायला माझी आजी का देत नसे ते आज कळलं. बाबांना मी आजच चहाच्या वेळी सांगते. ते आधी लाल होतील, आणि मग पाटीवरची ढाल पुसायला सांगतील. रविवारी खोकणार नाहीत, तेवढं मी बघते. टर्कीच्या जागी आजींनी एकदा दुसराही शब्द वापरला होता. तो मी लिहिला नाही, कारण तो जास्त बरोबर होता. टोपलीचं मात्र नीट ऐका. बटाटे काढा, माती झटका, तळ तपासा, कुठे कोवळ्या अंगाला टोचेल अशी काडी निघाली असेल तर बांधून घ्या. शनिवारी ती घेऊन या, पण परत न्यायचा विचार करू नका. जेबेझच्या आणि माझ्या घरात काय काय लागेल त्याची यादी मी गेला महिनाभर करते आहे, आणि तिच्यात पहिलं काय लिहावं ते सुचत नव्हतं.

सेलिना
(रविवारनंतर थ्रीपस्टोन)